सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणारी ऑटोरन डिस्क: ती चालत का नाही, आणि नीट कशी बनवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीसेक संगणक आहेत, त्यांना इंटरनेट नाही, आणि प्रत्येकावर तीच अकरा सॉफ्टवेअर टाकायची आहेत. डिस्क घातली की मेनू यावा, एक बटण दाबावं आणि बाकीचं आपोआप व्हावं, अशी अपेक्षा आहे. ऑटोरनची फाइल बनवून पाहिली. पेनड्राइव्हवर ती कुठेच चालली नाही. डीव्हीडीवर एका मशीनवर चालली, दुसऱ्यावर नुसतं फोल्डर उघडलं. जिथे चालली तिथेही इन्स्टॉलेशन मध्येच अडकून बसलं.

यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत, ते आधी सुटे करू. डिस्क घातल्यावर काय सुरू होतं हा पहिला. तो चार-पाच ओळींत संपतो. अकरा सॉफ्टवेअर कुणालाही काही न विचारता एकामागून एक बसणं हा दुसरा, आणि त्याला दोन-तीन दिवस सहज लागतात. सीडीच्या जमान्यापासून मी अशा डिस्का बनवत आलोय. बहुतेकांचा सगळा जीव पहिल्या प्रश्नात अडकतो आणि दुसरा ऐनवेळी समोर येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून पहिल्याचा निकाल लवकर लावतो.

ऑटोरन विंडोज ९५ बरोबर आलं. डिस्क ड्राइव्हमध्ये गेली की विंडोज तिच्या अगदी वरच्या पातळीवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची फाइल शोधायची आणि त्यात लिहिलेला प्रोग्राम थेट सुरू करायची. कारखान्यातून छापून आलेल्या सीडीसाठी ही सोय चांगली होती. पेनड्राइव्ह आले आणि तीच सोय किड्यांच्या, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामांच्या, हाती लागली. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर नावाच्या किड्याचा एक अवतार पेनड्राइव्हवर स्वतःची ऑटोरन फाइल ठेवायचा. समोर येणाऱ्या चौकटीत फोल्डरचं चित्र आणि ‘फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा’ असा साळसूद मजकूर दिसायचा. माणूस फोल्डर समजून क्लिक करायचा आणि किडा आत शिरायचा. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंद केलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेटमधून तेच लागू केलं. सीडी-डीव्हीडीला मात्र सूट राहिली.

तुमचा पेनड्राइव्ह कुठेच चालला नाही याचं कारण एवढंच. तुमच्या फाइलीत काही चुकलेलं नाही. ते पुन्हा चालू करण्याच्या युक्त्या शोधत बसू नका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एक आकडा बदलून तिसाही मशीनवर ऑटोरन सैल करायचा सल्ला कुणी देईल, तो अजिबात मानू नका. डिस्क महिन्यातून एकदा लागणार, आणि ते सैल केलेलं दार वर्षभर उघडं राहणार. नेमक्या याच प्रकारच्या संगणकांवर रोज दहा जणांचे पेनड्राइव्ह येतात.

डीव्हीडीची गोष्ट निराळी. व्हिस्टापासून विंडोज डिस्कवरचा प्रोग्राम परस्पर सुरू न करता आधी विचारते. विंडोज १० मध्ये कोपऱ्यात एक छोटी सूचना येते आणि थोड्या वेळात निघून जाते. कुणी एकदा ‘काही करू नका’ किंवा ‘फोल्डर उघडा’ हा पर्याय कायमचा निवडून ठेवला असेल, तर तेच घडतं. संगणक सांभाळणाऱ्याने धोरणातूनच ऑटोप्ले (डिस्क घातल्यावर काय करायचं ते विचारणारी विंडोजची सोय) बंद केलं असेल तर काहीच घडत नाही. घालताना शिफ्ट दाबून धरली तरी ऑटोरन थांबतं. म्हणजे ‘आपोआप सुरू होईल’ हे वचन आज कुठलीच डिस्क देऊ शकत नाही. त्यामुळे डिस्क अशी बनवा की ऑटोरन चाललं तर दोन क्लिक वाचतील, नाही चाललं तर काही बिघडणार नाही. फोल्डर उघडल्यावर समोर तीनच गोष्टी दिसू द्या: मेनूची फाइल, ‘आधी हे वाचा’ अशी मजकुराची फाइल आणि बाकी सगळं सामान पोटात घेतलेलं एक फोल्डर. तीस फाइली पसरलेली डिस्क उघडली की माणूस नेमकी चुकीची फाइल दाबतो.

आता ती फाइल. आत एवढंच असतं. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, प्रत्यक्षात सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं:

[ऑटोरन]
ओपन=मेनू.ईएक्सई
आयकन=डिस्क.आयसीओ
लेबल=लॅब डिस्क

ओपनपुढे चालवायचा प्रोग्राम, आयकनपुढे ड्राइव्हचं चित्र, लेबलपुढे एक्सप्लोररमध्ये दिसणारं नाव. प्रोग्रामऐवजी एखादं एचटीएमएलचं पान किंवा पीडीएफ उघडायची असेल, तर ओपनच्या जागी शेलएक्झिक्यूट लिहावं लागतं, कारण ओपनला चालवता येणारी फाइलच लागते. फाइल डिस्कच्या मुळाशी हवी, कुठल्या फोल्डरात नको. पत्त्यात ड्राइव्हचं अक्षर लिहायचं नाही.

या चार ओळींत घोळ दोनच ठिकाणी होतात, पण ते दिसत नाहीत म्हणून तास खातात. पहिला, फाइलचं खरं नाव ऑटोरन डॉट आयएनएफ डॉट टीएक्सटी असणं. नोटपॅड शेपूट जोडतं आणि एक्सप्लोरर ते लपवतो. एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि हे काम करणाऱ्या संगणकावर तो कधीच बंद करू नका. दुसरा घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाइलीत कुठल्या पद्धतीने साठवली याचा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सुरुवातीच्या खुणेसकट सेव्ह झाली, तर पहिल्या चौकोनी कंसाच्या आधी न दिसणारे तीन बाइट येतात आणि विंडोजला तो विभागच सापडत नाही. सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये एएनएसआय निवडा आणि लेबल इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

पहिला प्रश्न संपला. आता खरं काम.

सामान जमवण्यापासून सुरुवात करा. आजकाल बरीच सॉफ्टवेअर उतरवताना हातात दोन-तीन एमबीची एक छोटी फाइल येते आणि बाकीचं सगळं ती इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून ओढते. तुमच्या मशीनवर ती पहिल्याच पायरीला बसणार. प्रत्येक सॉफ्टवेअरचा ऑफलाइन किंवा पूर्ण इन्स्टॉलर शोधा, तोही बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून. तिथे एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल मूळची तीच आहे का ते ओळखायची लांबलचक खूण) दिलेली असेल तर कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल, मग -हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं देऊन ती जुळवून पाहा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे का, आणि ती योग्य कंपनीची आहे का, हेही बघा. इतकं काटेकोर राहायला मी सांगतोय त्याला कारण आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक खूण चिकटवते आणि त्या खुणेमुळे पुढे इशारा देते. डिस्कवर गेल्यावर ती खूण उरत नाही. तुमच्या डिस्कवरची फाइल तपासणारे शेवटचे तुम्हीच.

परवान्याचंही याच वेळी बघा. फुकट वापरता येणं आणि वाटता येणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. काही सॉफ्टवेअर घरी वापरायला मोफत असतं पण संस्थेत नाही. काहींचं इन्स्टॉलर दुसऱ्या माध्यमावर द्यायला मनाई असते. अकरा नावांसमोर अकरा शेरे लिहून ठेवा.

फोल्डरांना क्रमांकाने नावं द्या: ०१, ०२, ०३, आणि पुढे सॉफ्टवेअरचं छोटं नाव, मध्ये मोकळी जागा न सोडता. क्रम महत्त्वाचा आहे. ज्यांच्यावर बाकीची उभी राहतात ती आधी: व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम, डॉटनेट, मग उरलेली. डॉटनेट ३.५ लागत असेल तर विंडोज १० मध्ये तो वेगळा इन्स्टॉलर नसून विंडोजचंच एक वैशिष्ट्य आहे. इंटरनेटशिवाय तो चालू करायला डिझम नावाची आज्ञा आणि त्याच आवृत्तीच्या विंडोज डिस्कवरचं सोर्सेसमधलं एसएक्सएस फोल्डर लागतं. ते फोल्डरही डिस्कवर घ्या. ३२ आणि ६४ बिट अशी दोन्ही मशीन असतील तर प्रत्येक क्रमांकात दोन उपफोल्डर करा.

आता सायलेंट इन्स्टॉलेशन, म्हणजे इन्स्टॉलरने ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ न विचारता गुपचूप काम करणं. त्यासाठी आज्ञेच्या शेवटी एक स्विच, म्हणजे तिरप्या रेघेने सुरू होणारी छोटी सूचना, लावावा लागतो, आणि तो प्रत्येक घराण्याचा, म्हणजे इन्स्टॉलर ज्या साधनाने बनवलाय त्याचा, वेगळा. इन्स्टॉलर दिसतात शेकडो, पण घराणी चार-पाचच आहेत, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

खिडकीच्या तळाशी पुसट अक्षरांत ‘नलसॉफ्ट’ दिसलं तर ते एनएसआयएस. त्याचा स्विच /एस. यातला एस मोठ्या लिपीतलाच हवा, छोटा लिहिला तर स्विच नसल्यासारखाच. बसवण्याची जागा बदलायची असेल तर /डी= हा भाग सगळ्यात शेवटी, आणि पत्त्यात मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हांशिवाय. इनो सेटअपचं घराणं सगळ्यात समजूतदार. /व्हेरीसायलेंट, /सप्रेसमेसेजबॉक्सेस (इंग्रजीत त्यातल्या मेसेजचं एमएसजी होतं) आणि /नोरीस्टार्ट हे तिन्ही एकत्र द्या. नुसतं /सायलेंट दिलं तर प्रगतीची पट्टी दिसत राहते, आणि काही जणांना तीच बरी वाटते. मला पण शिकवण्याच्या खोलीत ती आवडते, काहीतरी चाललंय हे कळतं. इनोमध्ये आणखी एक सोय आहे: एकदा हाताने इन्स्टॉल करताना /सेव्हआयएनएफ देऊन तुमच्या निवडी फाइलीत साठवायच्या आणि पुढे प्रत्येक वेळी /लोडआयएनएफने त्याच वाजवायच्या.

एमएसआय फाइल असेल तर ती स्वतः चालत नाही, विंडोजचा एमएसआयएक्झेक तिला चालवतो: /आय, फाइलचं नाव, /क्यूएन, /नोरीस्टार्ट. शिवाय /एल*व्ही देऊन लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, कुठे लिहायचा ते सांगा. सगळ्या वापरणाऱ्यांसाठी बसवायचं असेल तर ऑलयूझर्स=१ जोडा. इन्स्टॉलशील्डची जुनी तऱ्हा अशी की आधी /आर देऊन एकदा हाताने इन्स्टॉल करायचं. तुमची उत्तरं सेटअप डॉट आयएसएस नावाच्या फाइलीत विंडोजच्या फोल्डरात साठतात, ती फाइल उचलून इन्स्टॉलरशेजारी ठेवायची आणि पुढे /एस. इन्स्टॉलशील्डच्या पोटात एमएसआय असेल तर /एस आणि त्याला जोडून /व्ही, ज्याच्या अवतरणचिन्हांत /क्यूएन. घराणं कळत नसेल तर इन्स्टॉलरला /? देऊन बघा. बरेच जण स्वतःची यादी दाखवतात.

इथे एक किस्सा सांगतो, कारण तुमचं ‘मध्येच अडकलं’ बहुधा याच जातीचं आहे. एका संगणक-कक्षात माझी डिस्क पाच मशीनवर सुरळीत चालली. सहाव्यावर काळ्या खिडकीत ‘०७’ असा आकडा आला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सीपीयू शांत, डिस्कचा दिवा बंद. मशीन काम करत असेल तर दिवा लुकलुकतो. तो बंद आहे म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. सगळ्या खिडक्या एक एक करून खाली केल्या, तेव्हा मागे एक छोटीशी चौकट सापडली: या प्रकाशकाचं ड्रायव्हर बसवायचं का? इन्स्टॉलरने स्वतःचे सगळे प्रश्न गिळले होते, पण हा प्रश्न विंडोजचा होता आणि सायलेंटच्या स्विचला विंडोज बांधील नाही. आधीच्या पाच मशीनवर त्या कंपनीवर विश्वास ठेवण्याची खूण कुणीतरी पूर्वीच केली होती, म्हणून तिथे तो आला नाही. उपाय आहे: त्या प्रकाशकाचं प्रमाणपत्र सर्टयुटिलने आधीच ‘विश्वासू प्रकाशक’ या कप्प्यात घालायचं आणि मग ड्रायव्हर बसवायचा. हे फक्त ज्या प्रकाशकाला तुम्ही खरोखर ओळखता त्याच्यासाठी करायचं, कारण त्यानंतर त्याचं कुठलंही ड्रायव्हर विचारल्याशिवाय बसेल.

म्हणून माझा नियम: प्रत्येक इन्स्टॉलरची सायलेंट आज्ञा आधी एकेकटी, ताज्या विंडोजवर, हाताने टाइप करून चालवून बघायची. अकराच्या अकरा सुट्या चालल्या तरच त्या एका फाइलीत ओवायच्या. एकत्र ओवून मग शोधायला बसलात तर दोष कुणाचा हे कळायलाच दिवस जातो.

ओवण्यासाठी साधी बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली मजकुराची फाइल, पुरते. तिच्यात मी तीन गोष्टी कधीच विसरत नाही, आणि त्यातली पहिली चूक करून शिकलोय. माझ्या सुरुवातीच्या एका डिस्कमध्ये मी सगळीकडे डी ड्राइव्ह असं थेट लिहिलं होतं. माझ्या टेबलावरच्या मशीनवर डीव्हीडी डीवरच होती. जिथे डिस्क गेली तिथे काही संगणकांवर डी म्हणजे हार्डडिस्कचा दुसरा भाग होता, आणि दुर्दैवाने त्यावर आदल्या वर्षी मीच कॉपी करून ठेवलेलं त्याच नावाचं फोल्डर होतं. बॅच फाइल मुकाट्याने आदल्या वर्षीची सॉफ्टवेअर बसवत गेली. कुठेही चूक दिसली नाही, कारण तिच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. नऊ मशीन पुन्हा करावी लागली. तेव्हापासून पत्त्याची सुरुवात नेहमी %~डीपी० ने: टक्का, लाटेची खूण, डी, पी आणि शून्य. याचा अर्थ ‘ही बॅच फाइल ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर’. ड्राइव्हचं अक्षर काहीही असो, डिस्क असो वा पेनड्राइव्ह, पत्ता बरोबरच येतो. अ‍ॅडमिन म्हणून चालवल्यावर तर याला पर्यायच नाही, कारण तेव्हा बॅच फाइल सिस्टम३२ मध्ये उभी असते आणि बाकी सगळे सापेक्ष पत्ते तिथून मोजले जातात.

दुसरी गोष्ट, एक इन्स्टॉलर संपेपर्यंत दुसरा सुरू होता कामा नये. त्यासाठी स्टार्ट आणि /वेट. पण स्टार्टला पहिली अवतरणचिन्हं खिडकीचं शीर्षक वाटतात. म्हणून स्टार्ट, मग रिकामी अवतरणचिन्हं "", मग /वेट, मग अवतरणचिन्हांत इन्स्टॉलरचा पत्ता. रिकामी अवतरणचिन्हं विसरलात तर इन्स्टॉल काहीच होत नाही, नुसती एक काळी खिडकी उघडते. काही इन्स्टॉलर स्वतःला टेम्पमध्ये उलगडतात, तिथून दुसरा प्रोग्राम सुरू करतात आणि स्वतः निघून जातात. /वेटला वाटतं काम झालं. असा एखादा तुमच्या अकरात असेल तर त्याच्या पोटातली एमएसआय बाहेर काढून तीच थेट वापरा.

तिसरी गोष्ट म्हणजे लॉग. प्रत्येक इन्स्टॉलर संपताना एक आकडा ठेवून जातो, तो बॅच फाइलमध्ये एररलेव्हल या नावाने मिळतो. तो तारीख-वेळेसकट एका फाइलीत लिहून काढा. लॉग डिस्कवर लिहिता येत नाही हे उघड आहे, पण मेनू स्वतःच्याच फोल्डरात काहीतरी साठवू पाहतो आणि डीव्हीडीवर आपटतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सी ड्राइव्हवर एक ठरावीक फोल्डर करा आणि फाइलच्या नावात संगणकाचं नाव घाला. आकड्यांचे अर्थ पाठ ठेवायला सोपे आहेत. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवाय. याला चूक समजू नका. १६४१ म्हणजे झालं आणि इन्स्टॉलरने रीस्टार्ट सुरूही केला, अर्थात /नोरीस्टार्ट द्यायचं राहिलंय. १६०३ म्हणजे मोठी चूक, सविस्तर लॉग उघडा. १६१८ म्हणजे दुसरं एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. १६१९ म्हणजे फाइल उघडता आली नाही, बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो. हे एमएसआयचे आकडे आहेत. बाकीची घराणी आपापले देतात, पण शून्याचा अर्थ सहसा तोच राहतो.

१६१८ दिसला की घाबरू नका. पार्श्वभूमीवर विंडोज अपडेट किंवा आधीच्या इन्स्टॉलरचं शेपूट चालू असतं. बॅच फाइलमध्ये अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करायची सोय ठेवा, तीन प्रयत्नांनंतरही तोच आकडा आला तर नोंद करून पुढे जा. आणि रीस्टार्ट कितीही जणांनी मागितला तरी एकदाच, सगळ्यात शेवटी.

अ‍ॅडमिनच्या परवानगीवरही दोन शब्द लिहायलाच हवेत. ऑटोरनमधून सुरू झालेल्या प्रोग्रामला आपोआप अ‍ॅडमिनचे हक्क मिळत नाहीत. बॅच फाइलला ‘मला अ‍ॅडमिन हक्क लागतात’ अशी चिठ्ठी जोडता येत नाही, ईएक्सईला येते. म्हणून मेनू ईएक्सई ठेवा, त्याच्या मॅनिफेस्टमध्ये (ईएक्सईला जोडलेली हीच ती चिठ्ठी) ती मागणी लिहा, आणि त्यानेच बॅच फाइल चालवावी. म्हणजे परवानगीची चौकट सुरुवातीला एकदाच येते, अकरा वेळा नाही. साध्या खात्यात काम करताना दुसऱ्याच अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड टाकला, तर ‘सध्याच्या वापरणाऱ्यासाठी’ म्हणून होणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या अ‍ॅडमिनच्या खात्यात जातात. डेस्कटॉपवर शॉर्टकट आला नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

पासवर्ड विचारला जातो म्हणून तो बॅच फाइलमध्येच लिहून ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. डिस्क टेबलावर राहते, कुणीतरी नोटपॅडमध्ये उघडतं, आणि तिसाही मशीनच्या किल्ल्या त्याच्या हातात जातात. हीच गोष्ट सॉफ्टवेअरच्या लायसन्स-कीची.

मेनूवर जास्त वेळ घालवू नका. एचटीए म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेली छोटी खिडकी, ती बनवायला सोपी आहे. ऑटोइटसारख्या साधनाने ईएक्सई होते, पण अशा ईएक्सईवर अँटिव्हायरस पुष्कळदा संशय घेतात. मी मेनूसाठीसुद्धा एनएसआयएसच वापरतो: चौकटीत अकरा नावं, शेजारी खुणा, खाली एक बटण. चित्रं, आवाज, हलणारी अक्षरं काही नको. मेनूवर डिस्कची तारीख मात्र ठळक हवी, आणि तीच तारीख लॉगच्या पहिल्या ओळीतही.

डिस्क राइट करायच्या आधी आयएसओ, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलीत, बनवा. सीडीत ७०० एमबी मावतात. डीव्हीडीवर छापलेलं ४.७ जीबी विंडोजला ४.३८ दिसतं, कारण छापणारे हजारांनी मोजतात आणि विंडोज १०२४ नी. दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५. फाइलसिस्टमसाठी, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीसाठी, यूडीएफ आणि आयएसओ ९६६० दोन्ही एकत्र ठेवले की जुन्या-नव्या सगळ्या मशीनवर भागतं. एकच फाइल ४ जीबीच्या वर असेल तर यूडीएफ लागतंच. जोलिएटमध्ये (लांब नावांसाठी आयएसओ ९६६० ला जोडलेली पुरवणी) नाव ६४ अक्षरांपर्यंतच जातं, म्हणून इन्स्टॉलरांची लांबलचक नावं आधीच आखूड करा. विंडोजमधूनच राइट करत असाल तर ‘फ्लॅश ड्राइव्हसारखी’ हा पर्याय घेऊ नका, दुसरा घ्या, म्हणजे डिस्क नीट बंद होते. राइट झाल्यावर पडताळणीची खूण चालूच ठेवा. तिला लागणारी पाच मिनिटं वाचवून कुणाचंही भलं झालेलं नाही. वरचा मजकूर डिस्कसाठीच्या मार्करने लिहा, चिकटपट्टीचं लेबल लावू नका. तिरकं बसलं की डिस्क फिरताना थरथरते.

चाचणी मात्र डिस्क राइट करण्याच्या खूप आधी सुरू होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणारा प्रोग्राम) ताजं विंडोज टाका, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या क्षणाची स्थिती साठवा, आयएसओ त्याच्या डीव्हीडी ड्राइव्हला जोडा आणि चालवा. ऑटोरनसकट सगळं खऱ्यासारखं घडतं. बिघडलं की स्नॅपशॉटवर परत, सुधारणा, पुन्हा आयएसओ. माझ्या एका डिस्कला वीस-पंचवीस फेऱ्या सहज लागतात आणि एकही कोरी डिस्क वाया जात नाही. चाचणी साध्या खात्यातूनही करा, फक्त अ‍ॅडमिन म्हणून नको. एकदा पूर्ण झाल्यावर त्याच मशीनवर दुसऱ्यांदा चालवून बघा. कुणीतरी ते करणारच, आणि तेव्हा आधीच बसलेल्या सॉफ्टवेअरवर इन्स्टॉलर काय करतो हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मग ज्या तीस मशीनवर काम करायचंय त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं अशी दोन निवडून खरी डिस्क घाला.

तुमच्या तिसात काही संगणकांना डीव्हीडी ड्राइव्हच नसेल, ही शक्यता मोठी आहे. तेच सगळं सामान जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि मेनूच्या फाइलीवर दोनदा क्लिक करा. %~डीपी० वापरलं असल्यामुळे एक अक्षरही बदलावं लागत नाही. विंडोज ८ पासून आयएसओवर दोनदा क्लिक केलं तरी ती डिस्कसारखी उघडते. पेनड्राइव्ह निवडताना शक्यतो लिहिणं रोखणारी छोटी कळ असलेला घ्या. तीस अनोळखी मशीनमधून फिरणारं माध्यम आहे ते. पहिल्या मशीनवर किडा असेल तर डीव्हीडीला तो शिवू शकत नाही, साध्या पेनड्राइव्हवर चढतो आणि तुमच्याच हाताने उरलेल्या एकोणतीस मशीनवर जातो. डीव्हीडी संथ आहे, ओरखडे पडतात, सगळं मान्य. तरी ‘एकदा लिहिली की कुणालाच बदलता येत नाही’ या एका गुणासाठी मी आजही पहिली प्रत तिच्यावरच काढतो.

डिस्क घालणारा माणूस तिच्यावर विश्वास टाकतो, आणि या विश्वासाबद्दल मला फार वाटतं. २००५ साली सोनी बीएमजीच्या काही संगीत-सीडी संगणकात घातल्या की त्यावरचा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या आत लपवून बसवायचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी ते शोधून जगासमोर आणलं आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. माणसाने गाणी ऐकायला डिस्क घातली होती. तुमच्या डिस्कवर जे बसणार आहे ते सगळं ‘आधी हे वाचा’ फाइलीत नावानिशी, आवृत्तीनिशी लिहा. कुठलंही सॉफ्टवेअर सोबत टूलबार किंवा दुसरं काही बसवत असेल, तर ते बंद करणारा स्विच शोधा. स्विच नसेल तर ते सॉफ्टवेअर यादीतून काढा आणि त्याच कामाचं दुसरं घ्या.

आता तुमच्यापुरतं. ऑटोरनची फाइल आहे तशीच राहू द्या, डिस्क नव्याने राइट करू नका. तुमच्या अकरा सॉफ्टवेअरपैकी ज्यावर अडकतं ते हाताने, स्विचसकट, एकटं चालवा आणि अडकलं की बाकी खिडक्या खाली करून मागे काही उघडं आहे का पाहा. लॉगमधला आकडा आणि इन्स्टॉलरचं घराणं, एवढं कळवलंत तर त्या एका ओळीचं नेमकं काय करायचं ते सांगता येईल.